चंचुप्रवेश आणि मुसळप्रवेश

परदेशी कंपनीशी करार झाला की समारंभाची छायाचित्रे ठळकपणे छापली जातात. करारातील कलमे मात्र क्वचितच कोणी वाचतो. वास्तविक परक्या बाजारात कोणत्या दाराने शिरावयाचे, हा निर्णय प्रत्येक कंपनी अत्यंत हिशेबीपणाने घेत असते. नुसता माल पाठविला तर धोका थोडा, पण बाजारावरील हुकमतही थोडी. नाव वा तंत्र वापरण्याचा परवाना दिला तर घरबसल्या स्वामित्वशुल्क मिळते, परंतु विद्या दुसऱ्याच्या हाती जाते. स्थानिक भागीदार घेतला तर त्याचा अनुभव कामी येतो, पण सत्ता वाटून घ्यावी लागते. स्वतःचा कारखाना उभारला किंवा चालता धंदा विकत घेतला तर मालकी पूर्ण आणि बुडाल्यास नुकसानही पूर्ण.

याची साक्ष आपल्याच देशात मिळते. 1973 च्या परकीय चलन नियमन कायद्यान्वये भांडवलातील आपला वाटा 40 टक्क्यांवर आणण्याची अट कोकाकोलास मानवली नाही, आणि 1977 मध्ये तिने गाशा गुंडाळण्याचा निर्णय घेतला. ताबा सोडण्यापेक्षा बाजार सोडणे तिने पत्करले. 1993 मध्ये परतताना मात्र तिने पार्लेची थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही रुळलेली पेयेच विकत घेतली. त्यामुळे नवे गिऱ्हाईक शोधण्याचे बरेच श्रम वाचले.

सुझुकीची रीत निराळी. 1982 मध्ये तिने सरकारी मारुती कंपनीत अवघा 26 टक्के वाटा घेतला. 1992 मध्ये तो 50 टक्के झाला, 2002 मध्ये बहुमत तिच्याकडे गेले आणि 2007 मध्ये सरकारने आपला उरलासुरला हिस्साही विकला. चंचुप्रवेशातून मुसळप्रवेश होतो तो असा. या करारातून देशाला सुट्या भागांचे कारखाने, कुशल कारागीर आणि रोजगार लाभला, हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु प्रत्येक पायरीवर काय दिले आणि काय घेतले, याचा जमाखर्च जनतेपुढे यावयास हवा होता.

गोमंतकाने दुसऱ्या बाजूचा, म्हणजे विकणाऱ्याचा, अनुभव घेतला आहे. आपले लोहखनिज मांडवी-जुवारीतून बार्जींनी मुरगावला आणि तेथून जपानच्या, पुढे चीनच्या पोलाद कारखान्यांकडे गेले. आपण दार निवडले ते सर्वांत सोपे: माती उचलावी, जहाजात भरावी. पोलादावरचा नफा पोलाद करणाऱ्याचा झाला. बेकायदा उत्खननाच्या प्रकरणात 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा ट्रक आणि बार्जी जागच्या जागी उभ्या राहिल्या. कच्च्या मालाला बाजारात नाव नसते; तो थांबला की गिऱ्हाईक दुसरीकडे वळते.

काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. नाव आता आपले आहे. ते परदेशी नेताना कोणी भरघोस रक्कम पुढे करील. त्या वेळी बाटलीवर नाव कोणाचे, गाळप कोठे आणि करार मोडल्यास हक्क कोणाकडे, हे तीन प्रश्न आमच्या उद्योजकांनी सहीपूर्वी विचारलेच पाहिजेत. बाजारात शिरणारा आपले दार नीट पारखून घेतो. दार उघडणाऱ्याने झोपेत कडी काढू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.