पाळी गेल्यावरची गोळी

पाळी गेल्यावर अंगातून वाफा निघतात, झोप उडते; त्यावर संप्रेरकांची गोळी गुणकारी खरीच. परंतु नार्नूरच्या ज्या भगिनीच्या पायात, बाळंतपणात का होईना, पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, तिने ती शेजारणीच्या सांगण्यावरून मुळीच घेऊ नये, असे आम्ही आग्रहाने म्हणू. पोटात घेतलेले इस्ट्रोजेन प्रथम यकृतात जाते व तेथे रक्त गोठविणारे घटक वाढविते. २००२ साली मध्येच थांबविलेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत, दोन संप्रेरकांची गोळी घेणाऱ्या स्त्रियांत गुठळ्यांचे प्रमाण दुप्पट आढळले. त्वचेवरील पट्टी वा जेल यकृताला वळसा घालते. तिने धोका वाढल्याचे निरीक्षणांत दिसलेले नाही. तरी निर्णय डॉक्टरांचाच. आदिलाबादच्या रिम्समध्ये जाताना जुने कागद न्यावेत, आणि संकोचाने गिळली जाणारी ती पायाच्या सुजेची हकीकत सर्वांआधी सांगावी.