काम बाहेर द्या, जबाबदारी देऊ नका

काम बाहेर देणे आपल्या व्यापारात नवीन नाही. कापड आपले, रंगाई एकाची, शिलाई दुसऱ्याची, काज-बटण तिसऱ्याचे. पण नमुना, माप, दर आणि मुदत ठरल्याशिवाय आपण एक ताकाही बाहेर पाठवीत नाही. मग बिलांचे व साठ्याचे सॉफ्टवेअर किंवा विक्रीची वेबसाइट करून घेताना ही सावधगिरी कुठे जाते? तोंडी सौदा होतो, अर्धी रक्कम आगाऊ जाते आणि 'दोन महिन्यांत होईल' या शब्दावर मामला सोडला जातो. हिंजवडी ज्या शहराच्या वेशीवर आहे, त्या पुण्यातील व्यापाऱ्यांना तरी हे शोभत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही चूक छोटा दुकानदारच करतो असे नाही. जीएसटीचेच उदाहरण घ्या. त्याच्या संगणक प्रणालीचे १,३८० कोटी रुपयांचे कंत्राट २०१५ मध्ये इन्फोसिसला मिळाले आणि १ जुलै २०१७ रोजी कर लागू झाला. त्याआधी बहुतेक कापडावर विक्रीकर नव्हता, त्यामुळे कापडबाजाराला पोर्टलची सवय मुळातच नव्हती. दरमहा तीन विवरणपत्रे आणि खरेदी-विक्रीच्या बिलांचा आपोआप मेळ, अशी मूळ योजना होती. ती चालली नाही. मुदती वारंवार वाढल्या आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये तीनपैकी दोन पत्रके स्थगित करावी लागली.

पुण्याच्या अबिकॉर अँड बिंझेल टेक्नोवेल्ड या कंपनीला तर पोर्टलवरील आपले खातेच उघडता येईना. खाते नाही म्हणून विवरणपत्र नाही आणि ई-वे बिलही नाही. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने या कारभारावर कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली. मोठी कंपनी न्यायालयाची पायरी चढू शकते. मोमीनपुऱ्यातील शिलाई कारखानदार कुठे जाणार?

दोष कुठे होता? भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात तो दाखवून दिला. काही ठिकाणी कामाचा लेखी तपशीलच कायद्याशी जुळणारा नव्हता. काही ठिकाणी तपशील बरोबर होता, पण प्रत्यक्ष प्रणाली त्याप्रमाणे बनली नव्हती. म्हणजे एकीकडे नमुना चुकला आणि दुसरीकडे आलेला माल नमुन्याशी ताडून पाहिला गेला नाही. त्यात नियमही सारखे बदलत राहिले. निम्मे कापड विणून झाल्यावर नक्षी बदलली, तर विणकराला एकट्याला कसे दोषी धरणार?

आयकराच्या पोर्टलची कथाही अशीच. ४,२४१.९७ कोटींच्या या प्रकल्पाला जानेवारी २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि काम पुन्हा इन्फोसिसकडेच गेले. ७ जून २०२१ रोजी पोर्टल सुरू झाले आणि लगेच तक्रारींचा पाऊस पडला. ऑगस्टमध्ये अर्थमंत्र्यांनी कंपनीच्या प्रमुखांना बोलावून १५ सप्टेंबरपर्यंत दुरुस्तीची मुदत दिली. आमचा प्रश्न इतकाच की, ही झडती दुकान उघडण्यापूर्वी का झाली नाही?

मार्ग आपल्याच परंपरेत आहे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा व साक्षीदार ठेवण्याचा आदेश आहे. आपल्या फिक्‌हमध्ये मागणीनुसार वस्तू बनवून घेण्याच्या सौद्याला 'इस्तिस्ना' म्हणतात. कापड आपण देऊन फक्त शिलाई करून घेतली तर ती इजारा, म्हणजे मजुरी. पण सामग्री व मेहनत दोन्ही कारागिराची असेल, तर तो इस्तिस्ना. सॉफ्टवेअरचा सौदा याच जातीचा आहे. वस्तूचे वर्णन इतके स्पष्ट हवे की पुढे वाद उरू नये, आणि रक्कम हप्त्याने देण्यास मुभा आहे. इमाम अबू हनीफा यांच्या मते तयार वस्तू पाहिल्यावर ग्राहकाला नकाराचा अधिकार राहतो. त्यांचे शिष्य काझी अबू यूसुफ म्हणतात की वस्तू वर्णनाबरहुकूम असेल, तर ग्राहकाला माघार घेता येत नाही. उस्मानी राज्याच्या 'मजल्ला' या कायद्याने हेच दुसरे मत स्वीकारले. यातून लेखी वर्णनाचे मोल कळते. ते आपल्याला वाचवते आणि कारागिरालाही.

तेव्हा व्यवहारात काय करावे? पहिले, काय हवे ते साध्या मराठीत किंवा उर्दूत लिहा. मीटर आणि ताका दोन्ही हिशेब, परत आलेला माल, कटपीस, उधारीची थकबाकी, सारे त्यात यावे. दुसरे, पैसे टप्प्यांत द्या आणि शेवटचा मोठा हप्ता महिनाभर काम नीट चालल्यावरच द्या. तिसरे, मध्येच काही बदल हवा असेल तर त्याची किंमत आणि मुदत वेगळी लिहून घ्या. चौथे, वेबसाइटचे नाव आणि सारे पासवर्ड पहिल्या दिवसापासून आपल्या नावावर ठेवा.

पाचवी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रामही येतो. बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या प्रोग्रामचे हक्क केवळ पैसे दिल्याने आपले होत नाहीत. त्याच्या सहीचे लेखी हस्तांतर लागते. त्यात मुदत लिहिली नसेल, तर कलम १९ प्रमाणे ते पाच वर्षांचेच धरले जाते. म्हणून मुदत लिहा आणि सोर्स कोडची प्रतही मागून घ्या.

'आम्हाला संगणक कळत नाही, तपासणार काय?' असे काही बांधव विचारतात. विणकाम न येताही आपण कापड ताणतो, भिजवतो आणि रंग जातो का ते पाहतोच ना? गेल्या रमजानची शंभर बिले नव्या सॉफ्टवेअरमध्ये घाला आणि बेरीज जुन्या वहीशी जुळवा. एवढ्याने बरेच काही उघड होईल. ही तपासणी सणाच्या गर्दीआधी करा आणि दुकानातील एका माणसावर तिची जबाबदारी टाका.

मात्र तपासात माल खरा उतरला, तर हप्ता त्याच दिवशी चुकता करा. सॉफ्टवेअर बनवणारा मुलगाही कारागीरच आहे. आपल्या मजुरीसाठी त्याला खेटे घालायला लावणारा व्यापारी उद्या त्याच्याकडून चोख कामाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करणार?