सत्तरीचा उंबरठा

वृद्धांना राज्याने आधार द्यावा, हा विचार कायद्यात उतरवताना बिस्मार्कच्या जर्मनीने 1889 मध्ये निवृत्तिवेतनासाठी सत्तरीची अट घातली. त्या काळी सत्तरी गाठणारे कामगार मोजकेच असल्याने औदार्य आणि काटकसर एकाच कलमात सुखाने नांदली. अट पासष्टवर यायला 1916 साल उजाडावे लागले.

आपल्याकडे आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने 1946 मध्ये पैशांअभावी कोणीही उपचारांवाचून राहू नये असे तत्त्व मांडले खरे, पण 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने संरक्षण बांधले ते कारखान्याच्या मस्टरला. ठाण्याच्या वागळे इस्टेटचे आणि उल्हासनगरचे कामगार रुग्णालय ही त्याच व्यवस्थेची अपत्ये. किमान पाच वर्षे विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झालेल्याला वर्षाला 120 रुपये भरून पती-पत्नी दोघांसाठी उपचार चालू ठेवता येतात, हे आजही कित्येकांच्या गावी नसते. 1982 च्या गिरणी संपात नोकरी गेलेल्यांना तर रीतसर निवृत्तच होता आले नाही.

पुढे मस्टरची जागा शिधापत्रिकेच्या रंगाने घेतली. 2012 ची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2013 मध्ये ठाणे जिल्ह्यात पोहोचली, 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचे नाव मिळाले; पण पिवळ्या-केशरी कार्डाच्या त्या हिशेबात पांढरे कार्ड बाळगणारा डोंबिवलीचा निवृत्त कारकून श्रीमंत ठरला. 2023 च्या शासननिर्णयाने ती भिंत पाडली आणि मर्यादा पाच लाखांवर नेली.

मग 29 ऑक्टोबर 2024 रोजी आयुष्मान वय वंदना कार्ड आले: उत्पन्न न विचारता, आधारवरील वय पाहून, वर्षाला पाच लाख. वय पुन्हा सत्तरच. आज सत्तरी गाठणे दुर्मीळ राहिलेले नाही, हा फरक मोठा. तरी अठ्ठावन्नाव्या वर्षी कार्यालयाचा मेडिक्लेम संपणाऱ्याला मधली बारा वर्षे फुले योजनेच्याच भरवशावर काढावी लागतात. खासगी विमा किंवा राज्य विमा असलेल्यांना वय वंदना त्यासोबत घेता येते, केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेतल्या निवृत्तांना मात्र दोहोंपैकी एकच निवडावी लागते. आणि कार्ड कोणतेही असो, रुग्णालय त्या योजनेत आहे का, हे योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, आधीच विचारलेले बरे.

हे सारे रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी. रक्तदाब-मधुमेहाच्या महिनोन्‌महिने चालणाऱ्या गोळ्या यात बसत नाहीत. त्यासाठी कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर या पालिकेच्या रुग्णालयांची ओपीडीच उरते. भोर समितीने विम्याआधी भर दिला होता तो अशाच सरकारी खर्चाने चालणाऱ्या दवाखान्यांवर.