बशीतला चहा आणि डेबोरा जिन

परवा शेजारच्या वहिनी आल्या होत्या. लेकीला बारावीला छान मार्क पडलेत आणि तिला फिजिक्समध्येच पुढे शिकायचंय. वहिनींची काळजी एकच, "पीएच.डी. होईस्तोवर लग्नाचं वय निघून जाईल. आणि मुलीच्या जातीला हे झेपणार आहे का हो?"

मी चहा पुढे केला आणि त्यांना डेबोरा जिनची गोष्ट सांगितली.

डेबोरा अमेरिकेतली, जन्म १९६८चा. १९९५मध्ये शिकागो विद्यापीठातून पीएच.डी. झाली आणि मग चक्क विषय बदलला. कोलोरॅडोतल्या बोल्डर इथल्या 'जिला' संस्थेत एरिक कॉर्नेल यांच्याकडे ती अणू थंड करायला शिकली. अणू जितके जोरात पळतील तितकी उष्णता जास्त. नेमक्या रंगाचा लेसर समोरून सोडला, की प्रकाशाच्या बारीक बारीक धक्क्यांनी अणू मंदावतात. त्यापुढचं थंड होणं आपल्या बशीतल्या चहासारखं. सगळ्यात गरम कण निघून जातात, उरलेले एकमेकांवर आपटत निवतात.

पण कण दोन प्रकारचे. आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून ओळखले जाणारे बोसॉन पंगतीत एकाच पाटावर दाटीवाटीनं बसतात. फर्मिऑन मात्र सोवळ्यातले, एका पाटावर एकच! आणि एकसारखे फर्मिऑन फार थंडीत एकमेकांवर आपटतच नाहीत. मग चहा निवणार कसा? डेबोरानं पोटॅशियमचे अणू दोन वेगळ्या अवस्थांत ठेवले आणि ते पुन्हा धडकू लागले. १९९९मध्ये ब्रायन डिमार्को या विद्यार्थ्याबरोबर तिनं हे जमवलं. २००३मध्ये सिंडी रीगल ही विद्यार्थिनी आणि मार्कुस ग्रायनर यांच्यासोबत तिनं अशा अणूंच्या जोड्या जुळवून सगळ्या जोड्या एकाच पाटावर आणल्या. जगात हे पहिल्यांदाच घडलं. तापमान होतं उणे २७३ अंशांच्या तळापासून जेमतेम अंशाचा दोन कोटीवा भाग वर! काही धातूंतून वीज विनाअडथळा कशी वाहते, हे समजून घ्यायला त्याचा मोठा आधार झाला.

आता वयं मोजा. पीएच.डी. २६व्या वर्षी, पहिलं मोठं यश तिशीत, दुसरं पस्तिशीत. आपण मुलींची जी वर्षं 'लग्नाचं वय' म्हणून राखून ठेवतो, तीच ही वर्षं. तिचाही संसार होता, एक मुलगी होती. नवराही भौतिकशास्त्रज्ञ. 'घर कसं सांभाळलंस?' हे आपण तिलाच विचारू, त्याला नाही.

१५ सप्टेंबर २०१६ रोजी कॅन्सरनं ती गेली, अवघ्या ४७व्या वर्षी. नोबेलसाठी तिचं नाव घेतलं जायचं, पण मृत्यूनंतर ते देत नाहीत. आज अमेरिकन फिजिकल सोसायटी या क्षेत्रातल्या उत्तम पीएच.डी. प्रबंधाला तिच्या नावानं पुरस्कार देते.

वहिनींना म्हटलं, झेपतंय का, हे लेकीलाच ठरवू द्या. ती दहा वर्षं फक्त तिच्याकडून काढून घेऊ नका.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात अशी कुणी आहे का?