डॉ. खरे यांचे औट घटकेचे मंत्रिमंडळ

पुसदच्या नाईक घराण्याने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले, हे यवतमाळ जिल्ह्यातले शाळकरी पोरही सांगेल. पण १९३७ साली हा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता आणि त्या प्रांताचा प्रमुख नागपूरचा एक डॉक्टर होता, हे किती जणांना ठाऊक आहे? ते होते लाहोरहून एम.डी. झालेले डॉ. नारायण भास्कर खरे.

वर्ष सरते न सरते तोच मराठी आणि महाकोशलच्या मंत्र्यांत जुंपली. जुलै १९३८ मध्ये खरे यांनी राजीनामा दिला. शुक्ल, मिश्र, मेहता हे महाकोशलचे तिघे राजीनामा देईनात, तेव्हा गव्हर्नरने त्यांना बडतर्फ केले. खरे यांनी नवे मंत्रिमंडळ बनवले आणि त्यात अस्पृश्य समाजातील अग्निभोज यांना घेतले. काही दिवसांतच काँग्रेस श्रेष्ठींनी खरे यांना पायउतार केले. रविशंकर शुक्ल आले, अग्निभोज गेले.

काँग्रेसने कारण दिले शिस्तभंगाचे. खरे मात्र जाहीर सभांतून सांगत राहिले की, अस्पृश्याला मंत्री करून त्या समाजाच्या आकांक्षा वाढवल्या म्हणून गांधींनी आपल्याला धारेवर धरले. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात हे नोंदवले आणि गांधींनी त्याचा कधीच इन्कार केला नाही, हेही बजावले.

म्हणून खरे आपले झाले का? मुळीच नाही. वणीच्या बापूजी अणे यांनी १९४३ मध्ये सोडलेल्या जागी ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. तिथे मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबही होते. पण पुढे अलवार संस्थानाचे पंतप्रधान असताना, १९४७ मध्ये तिथे मेव मुसलमानांची कत्तल झाली. त्यानंतर ते हिंदू महासभेचे अध्यक्षही झाले. अशा माणसाला १९३८ साली अग्निभोज हवे होते, की शुक्लांवर कुरघोडी करायला एक मंत्री हवा होता? आमचा कयास दुसरा आहे. पहिल्या मंत्रिमंडळात त्यांना अस्पृश्य का आठवला नाही?

मध्यप्रांतातले अस्पृश्य मात्र या भांडणाच्या निकालाची वाट पाहत बसले नाहीत. त्याच साली ते वर्ध्याजवळच्या शेगावला, गांधींच्या आश्रमातच सत्याग्रहाला बसले. मागणी एकच, मंत्रिमंडळात आमचा माणूस घ्या. आश्रमाने त्यांना बसायला जागा दिली. मंत्रिमंडळात मात्र जागा मिळाली नाही.