‘टर्न’ : शब्द एक, अर्थ अनेक



काही इंग्रजी शब्द न विचारता आपल्या घरात शिरतात. ‘टर्न’ हा त्यातलाच एक. तो नीट ओळखला तर कामाचा आहे; अर्धवट ओळखला तर खिशाला चाट बसते.

टर्न म्हणजे फिरणे, फिरवणे, वळणे. ज्या लॅटिन शब्दावरून तो आला, त्याचा अर्थ फिरत्या यंत्रावर धरून वस्तू गोल करणे असा होता. आपला कातारी लाटणे करतो, तसेच. म्हणून लेथवर काम करणाऱ्या कारागिराला टर्नर म्हणतात. मुंबईत माटुंग्याला रेल्वेचा डबेदुरुस्तीचा मोठा कारखाना १९१५ पासून आहे. रेल्वेची झिजलेली चाके लेथवर फिरवून पुन्हा नीट आकारात आणतात, ते टर्नरचेच काम. आयटीआयच्या यादीत ‘टर्नर’ दिसले, तर मुलाला त्याचा अर्थ सांगा. दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम हाताला कसब देतो.

दुसरा अर्थ पाळी. ‘युवर टर्न’ म्हणजे तुमची पाळी. कालव्याचे आवर्तन सुटले की शेजपाळीने ज्याला त्याला पाणी मिळते, तो त्याचा टर्न.

तिसरा शब्द जपून ऐकावा : टर्नओव्हर. याचा अर्थ उलाढाल, नफा नव्हे. समजा, एखादा म्हणाला, “आमच्या धंद्याचा टर्नओव्हर दहा लाखांचा आहे, तुम्हीही पैसे घाला.” त्यात खर्च नऊ लाख ऐंशी हजार असेल, तर हाती उरले वीस हजारच. खर्च दहा लाखांवर गेला असेल, तर धंदा तोट्यात. म्हणून पुढचा प्रश्न विचारायचा : “खर्च वजा जाता शिल्लक किती?”

चौथा, रिटर्न. तिकिटावर असेल तर परतीचा प्रवास. गुंतवणुकीत परतावा. प्राप्तिकराचे रिटर्न म्हणजे उत्पन्नाचे विवरणपत्र. ते भरले म्हणजे कर लागलाच, असे नाही.

एकच शब्द कुठे चाक फिरवतो, कुठे पाणी, कुठे पैसा. तेव्हा सही करण्याआधी त्या कागदावर त्याचा अर्थ कोणता, हे घरातल्या शिकल्यासवरल्या मुलीकडून वाचून घ्या. विचारण्यात कमीपणा नाही.