फजरनंतरची टेकडी



बारावीचे निकाल लागले की मराठवाड्यातल्या घराघरांतून एक प्रवास सुरू होतो. जालना, बीड, परभणी, नांदेडहून एसटीने किंवा रेल्वेने अब्बा, अम्मी आणि प्रवेश घ्यायचा मुलगा किंवा मुलगी छत्रपती संभाजीनगरला येतात. मुक्काम बहुधा जुन्या शहरात, गुलमंडीच्या आसपास, एखाद्या मामूंकडे किंवा फुफींकडे असतो. दोन दिवस महाविद्यालयाच्या खिडकीसमोर रांगेत जातात. एक संध्याकाळ गुलमंडीच्या बाजारात जाते, एका वेळी नान-खलिया होतो आणि वेळ उरला तर बीबी का मकबऱ्यासमोर फोटो. मग वसतिगृहात पेटी ठेवून, मुलीला चार सूचना देऊन घरची मंडळी परततात.

या दोन दिवसांतली एक सकाळ शहराच्या डोंगरासाठी काढावी, आणि ती घरातल्या बायका-मुलींना बरोबर घेऊनच काढावी, एवढेच या महिन्याचे सांगणे आहे.

गुलमंडीच्या गल्लीत उभे राहिले तर डोंगर आठवतही नाही. दुकानांच्या पाट्या, रिक्षा आणि माणसांची गर्दी यांतून वर पाहायला सवड कुठे असते? पण इथून तीन-चार किलोमीटरवर, शहराच्या उत्तरेला, काळ्या दगडाची डोंगररांग उभी आहे आणि शहराची शिक्षणाची वस्ती त्याच बाजूला आहे. 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे नागसेनवनातले मिलिंद महाविद्यालय. 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. 14 जानेवारी 1994 पासून त्याला बाबासाहेबांचे नाव आहे. 1963 मध्ये डॉ. रफिक झकेरिया यांनी रौजा बागेत मौलाना आझाद महाविद्यालय उभे केले. म्हणजे ज्या मुलांना आपण इथे शिकायला ठेवतो, त्यांच्या खिडकीतून डोंगर दिसतो. ती मुले त्यावर कधी चढतात का, हे मात्र आपण विचारत नाही.

या शहराचे आणि डोंगराचे नाते जुने आहे. मलिक अंबरने 1610 च्या सुमारास खडकी वसवली, तेव्हा पाण्याचा प्रश्न त्याने डोंगराकडच्या झऱ्यांवर सोडवला. जमिनीखालून नहरी आणल्या आणि घराघरांत, मशिदींत, हौदांत पाणी पोहोचवले. अठराव्या शतकातली पाणचक्कीही अशाच डोंगरातल्या पाण्यावर, मातीच्या नळांतून आलेल्या धारेवर फिरत होती. आपल्या पूर्वजांनी वजू केला तो या डोंगराच्या पाण्याने. त्या डोंगरावर चालायला जाणे म्हणजे कुठल्या परक्या शौकाच्या मागे लागणे नव्हे.

आणि चालणे-धावणे तर आपल्या दीनमध्ये परके मुळीच नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चालीचे वर्णन सांगणाऱ्यांनी म्हटले आहे की ते असे चालत, जणू उंचावरून उतारावर येत आहेत, पाऊल जोमाने आणि पुढे झुकलेले. एका प्रवासात त्यांनी साथीदारांना पुढे जायला सांगितले आणि ह. आयेशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली. त्या वेळी आयेशा (रजि.) जिंकल्या. पुढे काही काळाने पुन्हा शर्यत झाली, तेव्हा त्यांचे अंग भरले होते आणि प्रेषित (स.) जिंकले. मागच्या शर्यतीची ही परतफेड, असे ते हसून म्हणाले. हा किस्सा आपण मुलांना कौतुकाने सांगतो. पण त्यात एक पती आपल्या पत्नीबरोबर मोकळ्या मैदानात धावतो आहे, हे ऐकताना आपले लक्ष फारसे जात नाही.

आता वाट सांगते. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी सोपी वाट मकबरा आणि लेण्यांची. फजरची नमाज झाली की चहा-बिस्कीट किंवा दोन खजूर खाऊन निघावे. ज्यांना चालणे जमते त्यांनी गुलमंडीतूनच पायी जावे. औरंगपुऱ्यावरून भडकल दरवाजा, पुढे पाणचक्की आणि महमूद दरवाजा, मग बेगमपुऱ्याच्या बाजूने मकबरा. सकाळी हा रस्ता मोकळा असतो आणि जे दरवाजे दिवसभर रिक्षाच्या गर्दीतून दिसतात ते नीट पाहता येतात. भडकल दरवाजा मलिक अंबरच्या काळातला आहे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी मकबऱ्यापर्यंत रिक्षा करावी आणि जोर पुढच्या चढासाठी ठेवावा.

मकबरा म्हणजे औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची कबर. तिचे निधन 1657 मध्ये झाले. मकबऱ्याच्या मागे उत्तरेला साधारण दोन किलोमीटरवर बौद्ध लेणी आहेत. सहाव्या-सातव्या शतकाच्या आसपास कोरलेली ही लेणी डोंगराच्या कड्यात दोन-तीन गटांत विखुरली आहेत. वर जायला पायऱ्या आहेत. आत जाण्यासाठी तिकीट लागते, म्हणून उघडण्याची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी. वर पोहोचून मागे वळले की मकबऱ्याचा पांढरा घुमट, त्यामागे झाडी आणि त्यापलीकडे अख्खे शहर दिसते. त्यात मुलीचे महाविद्यालय कुठे आणि गुलमंडी कुठे हे ओळखायला लहान मुलांना फार मजा येते.

दुसरी वाट विद्यापीठाच्या बाजूची. परिसर सातशेहून अधिक एकरांचा आहे, रस्ते रुंद आहेत आणि झाडे आहेत. सकाळी शहरातली माणसे इथे फिरायला आणि पळायला येतात. ज्यांनी कधी धावून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी डोंगरापेक्षा हा सपाट रस्ता बरा. दारावरच्या सुरक्षा रक्षकाला विचारूनच आत जावे. जवळच सतराव्या शतकातला सोनेरी महाल आहे. मागे गोगाबाबाची टेकडी आहे, तिच्यावर रोज सकाळी चढणारी मंडळी भेटतात. चढ छोटा वाटला तरी मुरूम घसरतो, म्हणून चपलेवर जाऊ नये.

एक दिवस जास्त असेल तर दौलताबाद. किल्ला शहरापासून साधारण पंधरा किलोमीटरवर आहे. चाँद मिनारापासून अंधारी ओलांडून माथ्यापर्यंत जाणे म्हणजे पायांची खरी परीक्षा. अंधारीत बॅटरी लागते आणि लहान मुलाचा हात धरावा लागतो. पुढे खुलताबादला मलिक अंबरची कबर आणि औलियांचे दर्गे आहेत. त्याहून पुढे म्हैसमाळ, समुद्रसपाटीपासून सुमारे 1067 मीटर उंचीवर. पावसाळ्यात तिथले पठार हिरवेगार असते. संभाजीनगर ते खुलताबाद हा रस्ता तसाही पायी चालणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला हजारो लोक रात्रभर चालत जातात. एका डोंगररांगेत बुद्धाची लेणी, गोगाबाबा, मारुती आणि औलियांचे दर्गे आहेत. आपण जिथे जाऊ तिथे आवाज कमी ठेवावा, भिंतीवर नाव कोरू नये, रिकाम्या बाटल्या परत आणाव्यात. आपल्या मुलांकडे पाहून लोक आपल्या घराचा अंदाज बांधतात.

आता शरीराचे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्यात किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. झपझप चालणे त्यात येते. श्रम मध्यम आहेत की जास्त, हे ओळखायला घड्याळ लागत नाही. चालता चालता बोलता आले पण गाणे म्हणता आले नाही, तर वेग योग्य. बोलताच येईनासे झाले तर वेग कमी करावा.

धावायची इच्छा असेल तर सुरुवात अशी करावी. दहा मिनिटे चालावे, मग एक मिनिट हलके पळावे, दोन मिनिटे चालावे, असे सहा-सात वेळा. शेवटी पुन्हा चालत थांबावे. चढावर पळू नये, छोटी पावले टाकत चालावे. उतारावर पाय आपोआप धावू लागतात आणि गुडघ्याची खोड तिथेच निघते, म्हणून उतरताना चढण्यापेक्षा जास्त सांभाळावे, गुडघा थोडा वाकवून ठेवावा. काठी घ्यायला लाजू नये.

ज्यांना साखरेचा आजार आहे आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी उपाशीपोटी टेकडी चढू नये. खिशात साखरेची पुडी किंवा खजूर ठेवावेत. दरदरून घाम, हातांना थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच खाऊन बसावे. अशा लोकांनी परत आल्यावर तळपाय नीट पाहावेत, फोड किंवा जखम बधिर पायाला कळत नाही. छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळा दम लागला तर तिथेच थांबून डॉक्टर गाठावा. बीपी किंवा हृदयाचे रुग्ण असाल तर आधी डॉक्टरांना विचारूनच निघावे. एप्रिल-मेमध्ये इथले ऊन चाळिशी ओलांडते, तेव्हा सकाळी आठच्या आत परत. रमजानमध्ये रोजा असताना टेकडी नको. तरावीहनंतर घराजवळ चालणे पुरे.

आता ज्यासाठी हे सगळे लिहिले ते. सकाळी टेकडीवर गेले तर पुरुष दिसतात, तरुण मुले दिसतात. आपल्या घरच्या बायका त्या मानाने थोड्या दिसतात. त्या वेळी त्या नाश्ता करत असतात. पन्नाशीत गुडघे धरले, साखर वाढली की मग आपण त्यांना डॉक्टरकडे नेतो आणि डॉक्टर सांगतात, रोज चाला. कुठे चाला, कोणाबरोबर चाला, तोवर घरचे काम कोण करील, याचे उत्तर चिठ्ठीवर नसते. ते घरातल्यांनीच द्यायचे असते. एक दिवस नाश्ता बाहेरून आणला किंवा मुलग्यांनी केला तर काही बिघडत नाही.

बुरख्याची अडचण सांगितली जाते. ती अडचण कापडाची आहे, पर्द्याची नाही. सुती, सैल, घोट्याच्या किंचित वर राहील असा बुरखा किंवा लांब कुर्ता-सलवार, पिन लावून घट्ट बसवलेला स्कार्फ आणि पकड असलेले बूट, एवढ्यात टेकडी चढता येते. नायलॉनचा झगा आणि गुळगुळीत चप्पल यांनी मात्र घाम आणि घसरण दोन्ही होते.

हज-उमऱ्याची नियत असलेल्यांनी तर याकडे तयारी म्हणूनच पाहावे. सफा ते मरवा हे अंतर साधारण 450 मीटर. सात फेऱ्या म्हणजे तीन किलोमीटरहून अधिक. त्याआधी तवाफचे सात फेरे, आणि हजमध्ये मिना, अरफात, मुजदलिफा इथले चालणे वेगळे. तहानलेल्या बाळासाठी दोन टेकड्यांमध्ये धावलेली ह. हाजिरा (अ.) ही एक आई होती आणि तिच्या त्या धावण्याची आठवण आज जगभरचे हाजी चालून जपतात. आयुष्यभराची बचत खर्चून गेलेल्या अम्मीला तिथे दुसऱ्या फेरीतच व्हीलचेअर शोधावी लागू नये, असे वाटत असेल तर सहा महिने आधी तिला चालायला न्यावे.

आणि वसतिगृहात राहणारी मुलगी. तिला निरोप देताना आपण सांगतो, इकडे जाऊ नकोस, तिकडे जाऊ नकोस. काळजी खरी आहे. पण फक्त खोली आणि वर्ग यांच्यात तीन वर्षे काढलेल्या मुलीची पाठ, डोळे आणि मन तिघेही कुरकुरू लागतात. त्यापेक्षा जाण्याआधी तिच्याबरोबर ती वाट एकदा चालावी. मग नियम ठरवावेत. तीन-चार मैत्रिणींनी मिळून जायचे. उजाडल्यावरच निघायचे आणि उन्हाआधी परतायचे. निघताना आणि आल्यावर घरी निरोप द्यायचा. दागिने नकोत, कानात गाणी नकोत, फोन चार्ज असावा आणि मदतीसाठी 112 लक्षात असावा. लेण्यांच्या लांबच्या, सुनसान गटाकडे एकट्या-दुकट्याने जायचे नाही. मधमाश्यांची पोळी दिसली तर तिथे थांबायचे नाही, अत्तर लावून जायचे नाही. हे नियम तिच्या भावालाही सांगावेत, कारण सेल्फीसाठी कड्यावर उभा राहणारा बहुधा तोच असतो.

निकालाचा हंगाम म्हणजे पावसाचाही हंगाम. जूनच्या सरी पडल्या की हेच काळे डोंगर आठ-पंधरा दिवसांत हिरवे होतात. प्रवेशाची कागदपत्रे भरताना पिशवीत एक बुटांचा जोड अम्मीसाठी आणि एक मुलीसाठी टाकावा. कार्यालयाची खिडकी सकाळी उशिरा उघडते. तोपर्यंत टेकडी चढून, उतरून, गुलमंडीत परत येऊन नाश्ता करायला भरपूर वेळ मिळतो, इन्शाअल्लाह.